रात्री अकराला मथळा लावताना

श्रीवर्धन, रविवार

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलीस. मी एवढंच म्हटलं होतं, की लोक म्हणतात पेपरवाले धर्म बघून बातमी लावतात. त्यावर तू म्हणालीस, "बाबा, अकराला पान छपाईला सोडायचं असतं, एवढा विचार करायला वेळ कुणाला आहे?" मला लगेच बोलता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहायला बसलोय.

पेपरची एजन्सी मी घेतली 1989 साली. तेव्हापासून पहाटे गठ्ठे सोडायचे, पुरवण्या भरायच्या, पोरं सायकली घेऊन येईपर्यंत चार पेपर वरवर वाचून काढायचे, हे चाललंय. तू पेपरच्या डेस्कवर बसतेस, तुला बातमी छापायला जाईपर्यंत दिसते. ती हातात पडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला दिसतं.

मोहल्ल्याच्या तोंडाशी सुपारीची वखार होती ते चाचा तुला अंधुक आठवत असतील. तुला रोठा सुपारी फोडून त्यातलं पांढरं दाखवायचे. 1993 च्या फेब्रुवारीत आपल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली, 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले, 257 माणसं गेली. पुढे धरपकड सुरू झाली, मुंबईहून पत्रकार आले. एका पेपरात आपल्या किनाऱ्यावर अर्धं पान आलं. मजकुरात इथल्या कुणा माणसाचं नाव घेऊन आरोप नव्हता. एका बाजूला खाडीचा फोटो, दुसऱ्या बाजूला मशिदीचा, आणि मधे मोहल्ल्यात दुबईचा पैसा कसा दिसतो त्याचं वर्णन. चाचा सकाळी दुकानात आले, महिन्याचं बिल पुरं दिलं, महिना अर्धाच झाला होता तरी. म्हणाले, "उद्यापास्नं नको." मी का म्हणून विचारलंही नाही. मला कळलं होतं.

खटल्याचा निकाल लागायला 2006-07 उजाडलं. दोषी ठरलेल्यांत कस्टमचे अधिकारी होते, आपल्याच जिल्ह्यातले पोलीस होते. म्हसळ्याजवळ गोंडघर फाट्यावर तस्करीच्या मालाच्या गाड्या अडवून, पैसे घेऊन सोडून देणारे. त्यांत हिंदू होते. त्यांची आळी कुठली, त्यांच्या घराजवळचं देऊळ कुठलं, याचा फोटो कुणी छापला नाही. छापायला नकोच होता. पण मग चाचांच्या मशिदीचा कशाला छापला होता? हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारू शकलो नाही, तुला विचारतोय.

आता दुसरी बाजू ऐक, नाहीतर तू म्हणशील बाबा एकाच अंगाला झुकले.

आपले निवृत्त गुरुजी रोज साडेसातला येतात, उभ्यानेच पेपर वाचतात. त्यांचं म्हणणं बरोबर उलटं: पेपरवाल्यांना हिंदूंचं दुःख दिसत नाही. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात जमावानं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारला, तेव्हा ते मला म्हणाले, दुसऱ्या कुणाला असं मारलं असतं तर महिनाभर पहिलं पान गेलं असतं. मी त्यांच्याशी वाद घातला. चोर आल्याच्या अफवेतून झालेली ती हत्या होती, आणि अटक झालेल्या 101 जणांची यादी गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली, त्यात एकही मुसलमान नाही हे सांगायला. पण गुरुजींचं सगळंच चूक नव्हतं. एकदा त्यांनी माझ्यासमोर एक कात्रण ठेवलं. भूत उतरवतो म्हणून बाईला फसवल्याची बातमी. पकडलेला माणूस मुसलमान, मथळ्यात 'भोंदूबाबा', आणि सोबत रेखाचित्र: भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष, कपाळाला भस्म. गुरुजी म्हणाले, "हे कुणाचं चित्र आहे, सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे एक ठरलेलं चित्र पडलेलं असतं, अशी बातमी आली की तेच उचलून लावतात, मुद्दाम कुणी करत नाही, हे मला कळतं. पण ज्याला ते टोचतं त्याला तुमचं कपाट दिसत नाही, छापलेलं चित्रच दिसतं.

मला सगळ्यात जास्त खटकली ती मालेगावची गोष्ट. 31 जुलै 2025 ला 2008 च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. दुसऱ्या दिवशी गुरुजी पेपर नाचवत आले, भगवा दहशतवाद म्हणून वर्षानुवर्षं मथळे केलेत, आता काय म्हणाल? चाचा आता नाहीत, वखार त्यांचा मुलगा बघतो. तो तेव्हा बिस्किटं घ्यायला आला होता. तो म्हणाला, 2006 च्या मालेगाव स्फोटात आमची नऊ पोरं पकडली होती, 2016 ला कोर्टानं आरोपातून मुक्त केली, तेव्हा केवढी बातमी होती? गुरुजी थांबले. त्यांना 2006 चं काही माहीतच नव्हतं. आणि या मुलाला 2008 च्या आरोपींनी किती वर्षं तुरुंगात काढली ते माहीत नव्हतं. दोघं रोज पेपर वाचणारे, आणि दोघांकडे अर्धीअर्धी कात्रणं. दोन्ही वेळी अटकेचा मथळा मोठा होता आणि 'आरोपी' हा शब्द त्याच्याखाली कुठेतरी बारीक. दोन्ही स्फोटांत मेलेली माणसं मालेगावची. ती त्या सकाळी आमच्या तिघांच्याही बोलण्यात आली नाहीत, हे मला रात्री जेवताना आठवलं.

बाय, मला तुमच्यावर दुष्टपणाचा आरोप करायचा नाही. शब्द तयार हाताशी असतात, त्यातनं हे होतं. पोलिसांचं प्रेसनोट आलं, जसंच्या तसं उतरवलं. दंगल झाली की 'दोन गटांत हाणामारी', 'विशिष्ट समाजाचे'. प्रेस कौन्सिलची आचारसंहिता संयम बाळगायला सांगते, भडका असताना ते योग्यच आहे. पण 'विशिष्ट' म्हटलं की प्रत्येक वाचक आपल्या मनातला समाज तिथे भरतो. आग विझल्यावर चार दिवसांनी तरी कुणाचं घर जळलं ते नीट सांगावं, असं माझं मत आहे. ते सहसा कुणी सांगत नाही, कारण तोवर दुसरी बातमी आलेली असते.

राजापूरचंच बघ. 12 मार्च 2025, शिमग्याची होळी मशिदीपाशी आली, व्हिडिओ फिरला. काहींनी मशिदीवर हल्ला असं छापलं. काहींनी जुनी परंपरा एवढंच छापलं. होळीचं लाकूड मशिदीच्या पायरीला टेकवायची रीत तिथे खरंच जुनी आहे. त्या रात्री घोषणाबाजी झाली, हेही खरं, त्याबद्दल पोलिसांनी गुन्हा नोंदवला. दोन वाक्यांत मावणारी बातमी होती. प्रत्येकानं आपल्याला हवं ते एक घेतलं.

आणि तुम्हाला जमत नाही असंही नाही. 2020 च्या एप्रिलात दिल्लीतल्या तबलिगी जमातीच्या मेळाव्यातून कोरोना पसरल्याच्या बातम्या अशा चालल्या होत्या, की आपल्या आळीतली एक बाई मला विचारत होती, अंड्यांचा टेम्पो कुणाचा आहे? ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं लिहिलं, माध्यमांतल्या प्रचारावर बोट ठेवलं. ती बातमी त्या बाईपर्यंत पोचलीच नाही. पण मधे 3 जूनला निसर्ग वादळ आलं. वाड्या झोपल्या, चाचांच्या पोफळी आणि आपल्या पोफळी एकाच दिशेला आडव्या झाल्या होत्या. पेपर पुन्हा हातात आला तेव्हा बातमीत एकच शब्द होता, 'बागायतदार'. कुणाचीही जात, धर्म नाही. कुणी ठरवून केलं होतं का ते? तिथे तो धर्म लागतच नव्हता, म्हणून आला नाही. चोरीच्या, फसवणुकीच्या बातमीतही बहुतेक वेळा लागत नसतो.

म्हणून एक करून बघ. मथळा लावलास की त्यातलं नाव बदलून वाच. अब्दुलच्या जागी अनंत, अनंतच्या जागी अब्दुल. तरीही तोच शब्द, तोच फोटो, तेवढीच जागा दिली असतीस का? अर्ध्या मिनिटाचं काम आहे. अकरा वाजले असले तरी जमेल. आणि अटकेची बातमी ज्या पानावर लावाल, सुटकेची निदान त्याच पानावर लावा असं तुझ्या संपादकांना एकदा विचारून बघ. नवीन आहेस, ओरडतील कदाचित. ओरडू देत.

आईनं आमसुलं आणि थोडे पोह्याचे पापड दिलेत, मंगळवारच्या मुंबई एसटीने पाठवतो. तुझ्या नावानं काही छापून येत नाही, त्यामुळे कुठलं पान तू लावलंस ते मला ओळखता येत नाही. त्या दिवशीच पान नंबर कळवत जा. दोन अंक बाजूला काढून ठेवीन, एक गुरुजींना, एक चाचांच्या मुलाला. त्यानं गेल्या महिन्यापासून पेपर पुन्हा सुरू केलाय.

तुझा,
बाबा