दारू, पुंगळ्या आणि आजोबांचं शिंग

कोलंबस, ओहायो

ति. तात्यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' यापलीकडं बोलत नाही, म्हणून कागद घेतलाय. दादालाही वाचू द्या, म्हणजे कोल्हापुरात बसून तुम्ही दोघं माझी काळजी एकाच मापानं कराल.

त्या रविवारी तुमची सून आईला सहज बोलून गेली, "हे तळघरात दारू भरत बसलेत." आईला वाटलं पिण्याची. मी समजूत घातली की अगं, ती नव्हे, काडतुसाची दारू. तर ती जास्तच रडायला लागली. "काय करूलैस रे तू तिकडं?" पिण्याची असती तर बरं झालं असतं, असं तिच्या आवाजावरून वाटलं.

आधी कायद्याचं सांगतो, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. आपल्याकडं 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. इथं स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायला भरली तर लागतो. मी एकही विकत नाही, कुणाला देतही नाही. आणि व्हिसावर होतो तोवर बंदुकीला हातही लावला नाही. ग्रीन कार्ड हातात आल्यावरच पिस्तूल घेतलं. नेम धरायचा तो क्लबाच्या रेंजवर, पुठ्ठ्यावर. तुमच्या पलटणीच्या कार्बाइनमधली तीच 9 मिलिमीटरची गोळी.

भरायला लागलो ते 2020 साली. कोविड आला आणि दुकानांतली फळ्यांवरची काडतुसं नाहीशी झाली. मिळाली तरी भाव ऐकून परत यायचं. माझ्याकडं मात्र रेंजवरून वेचून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्यांचा डबा भरलेला होता. खानापूरकडं काजूच्या बिया वेचायचो तसा मी तिथं कंबर वाकवून पितळ वेचतो, लोक हसतात. पुंगळी पितळेची, तीच सगळ्यात महागाची आणि तीच पुन्हा पुन्हा चालते. जळते ती दारू, जाते ती गोळी, आणि फुटते ती बुडाची केप, म्हणजे दारूला ठिणगी देणारी टिकली.

तात्या, ही केप काढताना दर वेळी मला आजोबा दिसतात. त्यांच्या ठासणीच्या बंदुकीचं सगळं बाहेरून व्हायचं: शिंगातून दारू, वर चिंधी, मग छर्रे, गजानं ठासायचं, शेवटी कानावर केप बसवायची. इथंही तेच, फक्त सगळं पितळेच्या एका नळकांड्यात. पुंगळ्या आधी मक्याच्या कणसांच्या भुश्यात तासन्‌तास हलत्या ठेवायच्या, की आईनं चिंचेनं घासल्यासारख्या लखलखतात. मग दांड्याच्या यंत्रात एकेक घालायची. दांडा खाली ओढला की फुगलेली पुंगळी मापात येते आणि जुनी केप टिचकन खाली पडते. त्या टिचकन आवाजाची मला सवय झालीय, नव्हे, व्यसनच म्हणा.

एक गंमत. या केपा दोन जातींच्या. एक बॉक्सर नावाच्या इंग्रजाची, दुसरी बर्डन नावाच्या अमेरिकनाची, दोन्ही 1866 च्या आसपासच्या. अमेरिका चालवते इंग्रजाची आणि अमेरिकनाची गेली युरोपात. बॉक्सरच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, म्हणून माझ्यासारख्याला सुईनं ढकलून जुनी केप काढता येते.

खरी जोखीम वजनात. इथं दारू 'ग्रेन'मध्ये तोलतात. शहापूरच्या सोनाराची गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन, म्हणजे बघा किती बारीक काम. माझा काटा ग्रेनच्या दहाव्या हिश्शाला हलतो. आजोबा तळहातावर ओतून डोळ्यांनी अंदाज घ्यायचे आणि पावसाळ्यात शिंग चुलीजवळच्या खुंटीला टांगायचे, दारू सादळू नये म्हणून. जांबोटीच्या पावसात दुसरं करणार काय म्हणा! पण काळी दारू ती, ठिणगीलाच टपलेली. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. माझी बिनधुराची दारू उघड्यावर नुसती भुरभुर जळते, स्फोट होत नाही. पण पुंगळीत कोंडली की चूक माफ करत नाही.

ती चूक मी केलीय. हे तुमच्या सुनेलाही सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी पुंगळ्या भरत होतो आणि दादाचा फोन आला, गावच्या बांधाचा वाद. बोलता बोलता हात चालूच होता. पुढच्या आठवड्यात रेंजवर चाप ओढला तर धडाम नाही, नुसतं 'फुस्स'. ओल्या लवंगी फटाक्यासारखं. पिस्तुलाला धक्काही नाही. मी पुढची गोळी चढवायला हात नेला, तोच शेजारचा म्हातारा ओरडला, "थांब, थांब!" माझं पिस्तूल खाली ठेवायला लावून त्यानं ते रिकामं केलं, उघडलं आणि नळीत काडी घातली. काडी निम्म्यावर अडली. त्या पुंगळीत मी दारूच घातली नव्हती. एकट्या केपेच्या जोरानं गोळी नळीत शिरली आणि तिथंच रुतून बसली. पाठोपाठ दुसरी मारली असती, तर नळी फुगली किंवा फाटली असती, आणि मागं माझाच हात होता.

आजोबांची केप फुटली आणि बार निघाला नाही तर ते काय करायचे, आठवतं? तोंड शेताकडं धरून बंदूक तशीच धरायची, आणि चिलीम भरून होईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही. आम्ही पोरं त्यांना हसायचो.

त्या दिवसापासून फोन वरच्या मजल्यावर. पन्नास भोकांच्या लाकडी फळीवर पुंगळ्या उभ्या करतो आणि गोळी बसवण्याआधी बॅटरी लावून एकेकीत डोकावतो. सगळ्यांत दारू सारख्या उंचीवर दिसली पाहिजे. एखादीत दुप्पट पडली तर ते रिकामीपेक्षा वाईट. एकीबद्दल जरी मनात आलं, तरी पन्नासच्या पन्नास परत ओततो. दारू मूळ डब्यात, केपा वेगळ्या कपाटात, दोन्हींना कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. तिथं काही खात-पीत नाही. शिशाचे हात धुतल्याशिवाय पोराला उचलत नाही. आईला एवढं तरी वाचून दाखवा.

पैसे वाचतात का, असं दादा विचारेल. नाही. एका काडतुसामागं वाचतात, मग मी दुप्पट मारतो.

आता काम. आजोबांच्या बंदुकीचं पुढं काय झालं? दर निवडणुकीला ती खानापूरच्या ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की आजोबा एसटीनं जाऊन परत आणायचे, एवढंच मला आठवतं. ते गेल्यावर जमा केली ती तिथंच राहिली का? परत मागा असं म्हणत नाही. पण शिंग आणि त्याचं पितळी माप घरीच होतं, माळ्यावर, तुमच्या पलटणीच्या काळ्या ट्रंकेमागं. कर्नाटकच्या सीमेवर कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवल्या नसतील तेव्हा गावाकडं जालच. शिंगात जुनी दारू उरली असेल तर बिडी बाहेर ठेवून वर चढा आणि ते तसंच काकांकरवी पोलिसांना कळवा. स्वतः उघडू नका. माप रिकामं निघालं तर धुऊन त्यात काठोकाठ नाचणी भरा आणि शहापुरात सोनाराला तोलायला सांगा. तो विचारेल कशाला. सांगा, पोरगा वेडा आहे.

किती गुंजा भरल्या ते फोनवर सांगितलंत तरी चालेल.

तुमचा,
धाकटा