बीपीच्या गोळीची ‘सवय’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बीपीची गोळी एकदा सुरू झाली की सवय लागते, म्हणून होता होईल तो ती टाळावी’ अशा आशयाचा मजकूर आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या रविवारी वाचला. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली आणि गेली अकरा वर्षे ही गोळी मी स्वतः घेतो आहे. तेव्हा दोन्ही नात्यांनी या मजकुराची दखल घेणे मला भाग वाटते.

‘सवय’ हा शब्द तंबाखूला शोभतो. तंबाखू सोडली की शरीर तिची मागणी करते. रक्तदाबाची गोळी सोडली तर शरीर सहसा काहीही मागत नाही, मुकाट्याने जुन्या दाबावर परत जाते, कारण मूळ बिघाड गोळीने फक्त थोपवून धरलेला असतो. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर गटातील औषध एकाएकी बंद केल्यास दाब वा नाडी उसळी मारू शकते, हे खरे. पण त्यावरून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये एवढाच बोध घेता येतो, ती सुरूच करू नये असा नव्हे.

हा सारा बिघाड मनाच्या ‘टेन्शन’चा, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते आणि निवृत्तीनंतर कसले आले आहे टेन्शन, असे म्हणत तपासणीच टाळली जाते. पण हायपरटेन्शन (उच्च रक्तदाब) या शब्दातला ताण रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा आहे. धमनीच्या आतल्या बाजूला एंडोथेलियम नावाचे जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. हा वायू शेजारच्या स्नायूपेशींत शिरला की तेथील कॅल्शियम कमी होते, स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. वाहिनी सैलावण्यात या अस्तराचा हात असतो हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवून दिले आणि पुढे १९९८ चे नोबेल पारितोषिक त्यांना लुई इग्नारो व फरीद मुराद यांच्यासह मिळाले. याच्या उलट ओढणारा रेणू म्हणजे अँजिओटेन्सिन-२. मूत्रपिंडातून आलेले रेनिन हे विकर (एन्झाइम) यकृतात बनलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडते, एसीई हे विकर तो तुकडा आणखी छाटते, आणि उरलेला अवघ्या आठ अमिनो आम्लांचा हा रेणू वाहिन्या आवळतो, अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाकरवी मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो, वर सुपरऑक्साइड हा विध्वंसक रेणू वाढवून नायट्रिक ऑक्साइडचाही नाश करतो. वर्षानुवर्षे हे चालले की भिंत जाड व कडक होते, दुखावलेल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचू लागते, आणि या सगळ्या काळात माणसाला दुखत मात्र काहीच नाही.

‘आपल्या वनस्पती सोडून या गोळ्या कशाला’ असेही त्या मजकुरात सुचवले होते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्येच सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला होता, आणि तिच्यातील रेसर्पिन पुढे जगभर वापरले गेले. मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरअॅड्रिनलिन या वाहिन्या आवळणाऱ्या रसायनाचा साठा ते रिकामा करते. त्यामुळे दाब उतरे, पण काही रुग्णांना औदासीन्य येई, म्हणून नवी औषधे आल्यावर ते मागे पडले. औषध झाडातून आले की कारखान्यातून, याची रेणूला फिकीर नसते.

आता ज्या प्रसंगामुळे मी प्रत्यक्ष लेखणी उचलली तो सांगतो. वेताळ टेकडीवर आमच्याबरोबर फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांना रॅमिप्रिल हे बीपीचे औषध सुरू झाले आणि तीन आठवड्यांत कोरडा खोकला लागला. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाले, गाजरगवताच्या अॅलर्जीचे औषध झाले, छातीचा एक्स-रे झाला, शेजारच्या गच्चीवरील कबुतरांवरही संशय घेऊन झाला. गोळ्या कोणत्या चालू आहेत हे मात्र कोणी विचारले नाही. अखेर त्यांनी ती गोळी आपल्या मनाने बंद केली, खोकला गेला, आणि गोळीच विषारी असा निष्कर्ष काढून ते वर्षभर औषधाविना राहिले. पुढे दाब मोजला तेव्हा तो १८०/११० होता.

खरे तर रॅमिप्रिल वर सांगितलेल्या एसीई या विकराला अडवते, आणि हे विकर ब्रॅडिकायनिन नावाच्या रेणूचेही विघटन करते. विकर अडवले की तो साचतो आणि काही जणांच्या घशाला सतत खवखव लावतो. गंमत अशी की, या औषधगटाचा उगमही ब्रॅडिकायनिनपाशीच आहे: ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषात त्याचा प्रभाव वाढवणारा घटक असल्याचे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवले, आणि त्या धाग्यावरून बनलेले कॅप्टोप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन या गोळ्या विकराला हात न लावता अँजिओटेन्सिन पेशीवर जिथे जाऊन बसते त्या ग्राहकालाच (रिसेप्टरला) झाकतात, म्हणून त्यांच्याने असा खोकला क्वचितच येतो. आमच्या स्नेह्यांना आपल्या गोळीचा गट ठाऊक असता, तर एका बदलाने काम भागले असते. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे: त्यातील बहुतेक गोळ्या मूत्रपिंडातील प्रोस्टाग्लँडिन ही रसायने घटवून मीठ साठवतात आणि रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम कमी करतात. औषध देताना दुकानदारांनी गटाचे नाव पाकिटावर मराठीत लिहून दिले, तर त्यांची मिनिटभराची तसदी सत्कारणी लागेल.

राहिला सैंधवाचा मुद्दा. ‘बीपीवाल्यांना साध्या मिठाऐवजी सैंधव चालते’ हे विधान त्याच पानावर चौकटीत होते. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाच्या मर्यादेत तेही धरावे लागते. पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ ही निराळी वस्तू आहे. परंतु वर सांगितलेल्या रॅमिप्रिलच्या वा टेल्मिसार्टनच्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे, कारण रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

‘सवय’ आणि सैंधव या दोन्ही विधानांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तितक्याच ठळक टायपात छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक, कोथरूड, पुणे