पोरगी येतेय, तुम्हीही या

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई रडायला लागली आणि बाबा नुसतं 'बघू' म्हणाले, म्हणून लिहायला बसले.

आमचं ठरलंय. बाल कल्याण समितीचा आदेश निघाला की पोरगी बेळगावला आमच्या घरी येईल. हे दत्तक नाही, प्रतिपालकत्व आहे, म्हणजे काही काळ आपल्या घरी सांभाळायचं. तिचं नाव-आडनाव तिचंच राहील. बाबा, मळ्यात वाटेकरी येत नाही, ती काळजी सोडा.

'उद्या परत घेऊन गेले तर?' असं आई विचारत होतीस. नेऊ शकतात गं. तिची आई आजारी आहे. ती बरी झाली तर पोरगी तिच्याकडे जाईल, आणि तोवर तिची आई भेटायलाही येऊ शकेल. त्या दिवसाची मलाही धास्ती आहे. पण तोवर नऊ वर्षांच्या पोरीनं बालगृहात का दिवस काढायचे? सुऱ्या आपल्याकडे दहावीपर्यंत राहिला, गेला तेव्हा तू आठवडाभर नीट जेवली नाहीस. तरी त्याला ठेवून घेतलं ते चुकलं, असं कधी म्हणालीस का?

2024च्या नव्या नियमांप्रमाणे दोन वर्षं सांभाळल्यावर, मूल दत्तक द्यायला कायद्यानं मोकळं असेल तर, दत्तक मागता येतं. त्या आशेवर मी हे करत नाहीये.

बालसंरक्षण घटकाच्या बाई घर बघून गेल्या. स्वयंपाकघर, पगाराचे दाखले, शेजारपाजार, सगळं विचारलं. पुढेही दर महिन्याला पाहणी होणार, कायद्यातच तसं आहे. महिना 4,000 रुपयांची सरकारी तरतूद आहे; पैशासाठी करतात असं गल्लीत कुणी म्हणालं तर बाबा, तुम्ही भांडू नका, बीपी वाढतं.

गोकाककडची आहे, कानडीच बोलते. भेटायला गेले तेव्हा करदंट, तिकडची मिठाई, नेला होता. अर्धा खाल्ला, उरलेला कागदात नीट गुंडाळून फ्रॉकच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून बसली. आई, मला तेव्हा तुझ्या कुशीत शिरावंसं वाटलं, तापात शिरायचे तशी. शाळा तिची कानडीच ठेवणार. निपाणीच्या वखारीतल्या बायकांशी तू इतकं झरझर कानडी बोलायचीस, माझं अजून अडखळतं. मला तू हवी आहेस गं.

तुमच्या खोलीला हात लावलेला नाही. बाबांचा पलंग खिडकीपाशीच आहे, तिच्यासाठी आतली खोली रिकामी केली. गीझर दुरुस्त करून घेतलाय, पहाटे अंघोळीला गरम पाणी मिळेल.

आता ऐका. तिला आई-बापाचं, जातीचं काही विचारायचं नाही. आपणहून बोलली तर ऐकायचं. धपाटासुद्धा घालायचा नाही. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. आत्याला मी सांगेन, तुम्ही नको.

बाबा, रक्त तपासून घ्या आणि रिपोर्ट सोबत आणा. रात्रीची गोळी जेवणानंतर, आधी नाही. एसटीनं यायचं नाही, हे गाडी घेऊन येतील. आणि आई, चटणी या वेळी कमी तिखटाची कर, पोरीला झेपत नाही.

तुमची,
माई