खटका फेकण्याआधी अर्थ बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की सांगली-मिरजेकडच्या शेडमधून जुन्या गाड्या बाहेर पडतात. मॉरिस मायनर, लँडमास्टर, पहिल्या मार्कची अँबॅसडर, स्टँडर्ड हेराल्ड, क्वचित एखादी जग्वार. बाहेरून रंग चकाचक, क्रोममध्ये तोंड बघून घ्यावे. आत डोकावले तर डॅशबोर्डवर टेंपोची रॉकर बटणे आणि निळा एलईडी. मूळचे खटके कुठे गेले, असे विचारले की ठरलेले उत्तर येते: "ल्युकासचे (गाड्यांचे विजेचे सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) होते, चालतच नव्हते." या उत्तरासाठीच हे पत्र. ते खटके बहुतेक वेळा ठणठणीत असतात. बिघाड दुसरीकडे असतो आणि खापर त्यांच्यावर फुटते.

पहिला गुन्हेगार बल्ब. या गाड्यांचे हेडलाइट मुळात ४५ वॉटच्या आसपास. दोन मिळून नव्वद वॉट, म्हणजे बारा व्होल्टवर साडेसात अँपिअर. एवढा भार खटका वर्षानुवर्षे सोसतो. आपल्याकडे सर्रास १००/९० चे (अपरला १००, डिपला ९० वॉट) हॅलोजन बसवतात. मग त्याच पितळी कॉन्टॅक्टमधून सोळा-सतरा अँपिअर जातो. कॉन्टॅक्ट तापतो, रिव्हेट सैल होतो, मागची पट्टी काळी पडते. त्यातून बऱ्याच ब्रिटिश वायरिंगमध्ये हेडलाइटच्या वाटेवर फ्यूजच नसतो. बॅटरीकडून तपकिरी वायर थेट खटक्यात येते आणि तिथून निळी निघते. म्हणून डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीचे टर्मिनल काढलेच पाहिजे.

यावर उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे विजेचे बटण. पायाने दाबायच्या डिप-अपरच्या बटणापुढे (डिपर) निळी-लाल वायर डिपची आणि निळी-पांढरी अपरची. दोन्हींना एकेक रिले लावावा. रिलेच्या पिनांवर आकडे असतात: जुनी वायर ८६ वर, ८५ बॉडीला. बॅटरीकडून अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर २० अँपिअरच्या फ्यूजमधून ३० वर, आणि ८७ वरून बल्बकडे. आता खटक्यातून अर्धा अँपिअरही जात नाही. रिले बॉनेटखाली राहतात, डॅशबोर्डला एक भोकही पाडावे लागत नाही.

दुसरा गुन्हेगार अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जाणारी जोडणी. खटका खराब आहे की नाही हे मल्टिमीटर दोन मिनिटांत सांगतो. हेडलाइट चालू ठेवून एक टोक खटक्याच्या आत येणाऱ्या वायरीवर, दुसरे बाहेर जाणाऱ्या वायरीवर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर खटका निर्दोष. मग तेच माप दिव्याचा अर्थ आणि बॅटरीचे बॉडीला जोडलेले टर्मिनल यांच्यामध्ये घ्या. बऱ्याचदा व्होल्टची चोरी इथे सापडते: रंगावर रंग चढवताना अर्थचा नटही रंगवलेला असतो. पत्रा घासून उघडा करा, दातेरी वॉशर घाला, वर व्हॅसलीन लावा.

खटका खरोखरच अडकत असेल तर तो काढायचीही रीत आहे. ओढून लावायच्या बटणाच्या मुठीला खालच्या बाजूला बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून आतली स्प्रिंगची पिन दाबली की मूठ अलगद निघते. पकडीने पिरगाळून मुठी फोडणारे पुष्कळ. टॉगलभोवतीच्या (दांडी वर-खाली करायचा खटका) खाचेच्या क्रोम रिंगला पकड लावूच नये, दोन दातांचा पाना पत्र्यातून कापून घ्यावा. आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून खटका वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावा. काचपेपरने पितळ घासू नये. ओरखड्यांत पुन्हा कार्बन धरतो.

ही खटपट कशासाठी? टॉगल खाली पाडताना बोटाला जो टक्क लागतो, तो रॉकरला नाही. बहुतेक ब्रिटिश टॉगल खाली केले की चालू होतात, अगदी आपल्या घरच्या बटणासारखे. १९५९ च्या मिनीत स्पीडोमीटर बरोबर मध्यभागी, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, तोच डॅशबोर्ड चालावा. जग्वार मार्क टूमध्ये अक्रोडाच्या डॅशबोर्डच्या मधल्या काळ्या पट्टीवर ओळीने टॉगल, विमानाच्या कॉकपिटसारखे. जग्वारच्याच ई-टाइपवरचे टॉगल काही वाईट होते म्हणून गेले नाहीत. १९६८ पासूनच्या अमेरिकन सुरक्षानियमांत, धडकेत माणसाला टोचेल असे काही पुढे आलेले चालेना. म्हणून चपटे रॉकर आले. आपण मात्र कुणी न सांगताच टॉगल काढून टाकतो.

मीटरचीही तीच कथा. पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागले तर मीटर बदलू नका. साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत स्मिथ्सचा छोटा स्टॅबिलायझर असतो. तो या दोन मीटरना सरासरी दहा व्होल्ट देतो. त्याचा अर्थ सुटला की पूर्ण बारा व्होल्ट जातात आणि काटे चढतात. स्पीडोमीटरचा काटा नाचत असेल तर केबल कोरडी आहे किंवा तीव्र वळली आहे. ग्रीस लावताना वरची वीतभर केबल कोरडीच ठेवा, नाहीतर फिरता फिरता ग्रीस मीटरमध्ये चढते.

बॅटरी जोडणाऱ्यांना एक विनंती. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेले असते. आधी बघा, मग जोडा. उलटे जोडले तर खटके आणि बल्ब यांना फरक पडत नाही, पण अँमीटर उलटा फिरतो आणि रेडिओ जळतो. फ्यूजचेही तसेच: जुन्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा वितळण्याचा आकडा, सतत सोसायची मर्यादा सतराच्या आसपास. त्या जागी हल्लीचा ३५ चा फ्यूज घातला तर आधी वायर जळेल. पंधराचा घाला.

आता लाकूड. फळीवरचे अक्रोडाचे विनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, मिलिमीटरभरही जाड नसते. सँडिंग मशीन लावले की संपले. उचललेल्या जागी सुईने गोंद सोडून, वर मेणकागद ठेवून रात्रभर दाबावे. पॉलिशसाठी मुंबईला फळी धाडणाऱ्यांचे नवल वाटते. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत लाखेच्या पॉलिशचा हात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मात्र डॅशबोर्ड उन्हात तापतो आणि नुसती लाख उन्हाने मऊ, पाण्याने पांढरी होते. म्हणून खाली मेण काढलेल्या लाखेचे दोन पातळ हात, ते सुकल्यावर वर क्लिअर लॅकर. लाखेतले मेण राहिले तर लॅकर सोलून निघते. सीट कातडी असेल तर ती रेक्झिनने मढवण्याआधी थांबा. रेक्झिन हे नावही मूळचे इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कारखान्याचेच, पण कातड्याला पडलेल्या सुरकुत्या त्याला पडत नाहीत.

२०१९ च्या कृष्णेच्या पुरात बुडालेल्या काही गाड्या अजून तशाच झाकून आहेत. त्यांच्या खटक्यांत बारीक गाळ बसलेला असतो. चावी फिरवून बघण्याचा मोह टाळावा. खटके सोडवून स्वच्छ पाण्यात खळखळून धुवावेत, दोन दिवस सावलीत वाळवावेत, मग क्लीनर मारावा. एवढे करूनही जो चालला नाही तो पिशवीत घालून, कुठल्या जागेचा ते चिठ्ठीवर लिहून गाडीच्याच डिकीत ठेवावा. भंगारात किलोवर गेलेला टॉगल परत मिळत नाही.

आपले,
जुन्या गाड्यांचे वायरिंग करणारे दोघे, मिरज