बाबा, बांध किती उंच करायचा?

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझ्या त्या कॉम्प्युटरला विचारून सांग, खाडीचा बांध किती उंच करू?" मी घाईत विषय बदलला. ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहायला बसले.

आई, तुझी काकवी आठव. ताटलीत ओतली की आपल्याच भाराने पसरते, थंडीत घट्ट होऊन रेंगाळते. अंटार्क्टिकाचा बर्फही तसाच, दोन-तीन किलोमीटर जाडीचा, स्वतःच्या वजनाने समुद्राकडे सरकत असतो. फरक एवढाच, की काकवीवर जोर दुप्पट केला तर ती दुप्पट वाहते, आणि बर्फ साधारण आठपट. शास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी 1950च्या दशकात बर्फ दाबून दाबून हे मोजलं. आम्ही कॉम्प्युटरवर बर्फाचं जे गणित करतो, ते अजून त्यावरच उभं आहे.

खरी अडचण तळाशी आहे. बर्फ खडकाला धरून बसलाय की ओल्या चिखलावरून घसरतोय, ते वरून दिसत नाही. उपग्रहांमुळे वरचा वेग कळतो आणि त्यावरून उलटा हिशेब करून आम्ही तळाची पकड काढतो. पऱ्ह्याचा खळखळाट पाहून खाली धोंडा आहे की वाळू हे तुम्ही सांगता ना, तसंच.

माझं काम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीवर चालतं. रुंदी साधारण 120 किलोमीटर. ती सगळी गेली तर जगातले समुद्र सरासरी 65 सेंटिमीटर चढतील. तिचा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि आत जावं तसा आणखी खोल. बर्फ जमीन सोडून जिथे तरंगायला लागतो, ती रेघ मागे हटली की तिथला बर्फ आधीपेक्षा जाड असतो, तो जास्त जोराने वाहून जातो, आणि रेघ पुन्हा मागे. हिशेबासाठी आम्ही कॉम्प्युटरवर बर्फाचे चौकोन पाडतो; सुरुवातीला मी ही जाळी पाच किलोमीटरची ठेवली होती. शंभर वर्षं पुढे नेलं तरी रेघ जागची हलली नाही. हायसं वाटलं. मग रेघेजवळ जाळी अर्ध्या किलोमीटरची केली, आणि तीच रेघ मागे मागे जाऊ लागली. बर्फ तोच, माझ्या चाळणीची भोकं मोठी होती. त्या रात्री आपलं खाचर डोळ्यांसमोरून जाईना.

अंटार्क्टिका कुठे नि आपण कुठे, असं म्हणू नका. एवढा मोठा बर्फ स्वतःकडे समुद्राचं पाणीही ओढून धरतो. तो कमी झाला की त्याच्याजवळचा समुद्र उतरतो आणि लांबच्या किनाऱ्यांवर जास्त चढतो.

आता तुमचं उत्तर. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या 2021च्या अहवालात 2100पर्यंतची समुद्रपातळीची वाढ साधारण 28 सेंटिमीटर ते एक मीटर दिली आहे; धूर किती सोडतो त्यावर. बर्फ वेगाने कोसळला तर दोन मीटरच्या जवळ जाणं अशक्य नाही, असंही त्यात आहे. त्यामुळे मी एक आकडा देणार नाही, दिला तर ते खोटं बोलणं होईल. पण पाया रुंद घाला, म्हणजे पुढे बांध चढवता येईल. यंदा उंची कमी राहिली तरी चालेल, पायात मात्र काटकसर करू नका.

आणि आई, दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागतं ते कॅलेंडरवर लिहून ठेव. मे महिन्यात आले की मी ते मोजपट्टीने लावून घेईन.

तुमची,
ताई