प्रोपेलर कापून बसवू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या शेडमध्ये दोन आसनी विमान बांधणाऱ्या एका तरुणाची हकिगत वाचली. कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, तेव्हापासून मराठी वाचकाला हा विषय परका राहिलेला नाही, आणि अशा खटपटीची दखल वर्तमानपत्राने घेतली याचा आनंदच आहे. मात्र त्या लेखातल्या एका वाक्याशी मी अडलो. जुन्या विमानाचा धातूचा प्रोपेलर जमिनीला घासत होता, म्हणून त्याची दोन्ही टोके तीन-तीन इंच कापून तो ‘बरोबर बसवून घेतला’, असे त्यात कौतुकाने लिहिले आहे. मी ओहायोतल्या डेटनजवळ राहतो, स्वतः बांधलेले आरव्ही-६ हे छोटे विमान गेली काही वर्षे उडवतो, आणि हे पत्र त्या एका वाक्यापुरतेच आहे.

प्रोपेलरला आपण सहज पंखा म्हणतो, पण छताच्या पंख्याचे गणित त्याला लावून चालत नाही. राइट बंधूंना जहाजांच्या पंख्यांवरून काही सूत्र सापडेल असे वाटले होते. ते सापडले नाही, तेव्हा प्रोपेलर हा मळसूत्री वाटेने फिरणारा विमानाचा पंखच आहे, असे धरून त्यांनी साडेआठ फुटी लाकडी प्रोपेलर हाताने घडवले. १९०३ च्या हिवाळ्यात त्यांचे घोडे अडले ते मात्र घडणीत नाही, बसवण्यात. प्रोपेलरच्या दांड्यांवरची साखळीची चक्रे पुनःपुन्हा सैल होत होती, तेव्हा त्यांनी सायकलचे टायर चिकटवण्याचा गोंद ओतून ती घट्ट केली. पुढे दांड्याला तडा गेला, आणि नवे पोलादी दांडे करून आणण्यासाठी ऑर्व्हिल उड्डाणाच्या जागेहून, किटी हॉकहून, डेटनला परत आले. १७ डिसेंबरचे उड्डाण त्यानंतरचे.

आता कापण्याविषयी. सहा फूट व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २७०० फेऱ्या घेतो, तेव्हा त्याचे टोक सेकंदाला सुमारे २५८ मीटर वेगाने धावत असते. आवाजाचा वेग साधारण ३४० मीटर आहे. एवढ्या वेगात टोकाजवळच्या केवळ १०० ग्रॅम धातूला धरून ठेवण्यासाठी पात्याला सुमारे ७०० किलो वजनाइतकी ओढ सोसावी लागते. एखादे टोक तुटून गेले, तर तीच ओढ एका बाजूने सेकंदाला ४५ वेळा इंजिनाला हिसके देऊ लागते, आणि इंजिन आपल्या बैठकीतून उखडून निघाल्याची उदाहरणे आहेत. त्यात धातूच्या पात्याला घंटेसारखा स्वतःचा एक सूर असतो. चार सिलिंडरांचे इंजिन प्रत्येक फेरीत दोन ठोके देते. ते ठोके आणि पात्याचा सूर जुळला की पाते थरथरते, आणि डोळ्यांना दिसणार नाही अशी चीर आतून वाढत जाते. म्हणूनच कारखान्यातून आलेल्या इंजिन-प्रोपेलरच्या काही जोड्यांनाही, उदाहरणार्थ मिनिटाला २००० ते २२५० फेऱ्यांच्या दरम्यान, इंजिन रेंगाळत ठेवू नये अशी मनाई असते. टोके कापली की हा सूर बदलतो, आणि मनाईचा पट्टा कुठे सरकला हे मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. काही प्रोपेलर ठरावीक मर्यादेपर्यंत आखूड करण्याची मुभा उत्पादक देतात, हे खरे. पण ते काम प्रोपेलरच्या कार्यशाळेत होते, ग्राइंडरवर नाही.

अमेरिकेच्या नियमातही ही जोडी गृहीत धरली आहे. इंजिन आणि प्रोपेलर एकमेकांसाठी प्रमाणित असतील, तर घरी बांधलेल्या विमानाला साधारणपणे चाचणी उड्डाणांचे किमान २५ तास पुरतात. तसे नसेल तर ४०. जमिनीपासूनच्या अंतराचा विचारही आधीच व्हायला हवा. कारखान्यात बनणाऱ्या छोट्या विमानांना पुढे चाक असेल तर १८ सेंटिमीटर आणि शेपटीला चाक असेल तर २३ सेंटिमीटर मोकळीक ठेवावी, असे अमेरिकेच्या २०१७ पर्यंतच्या नियमात होते. ती मिळत नसेल तर चाकांचे पाय उंच करावेत किंवा मुळातच कमी व्यासाचा प्रोपेलर घ्यावा.

पिचच्या बाबतीतही हौशी माणूस हमखास फसतो. ७२ इंच पिच म्हणजे लाकडात स्क्रू शिरावा तसा एका फेरीत ७२ इंच पुढे. २७०० फेऱ्यांना हे ताशी जवळपास २९६ किलोमीटर होतात. वेगाच्या मोहाने पिच वाढवावे, तर धावपट्टी संपत आली तरी चाके उचलत नाहीत, कारण स्थिर पिचचा प्रोपेलर ही एकाच गिअरची सायकल असते. उड्डाणात पिच बदलणारा प्रोपेलर ही अडचण सोडवतो, पण त्याला फेऱ्या स्थिर राखणारा गव्हर्नर लागतो, तेल नेणारा पोकळ क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, लागतो, आणि सात-आठ किलोंच्या लाकडी प्रोपेलरऐवजी नाकावर पंचवीस किलोंच्या घरातले वजन येते, म्हणजे विमानाचा तोल नव्याने मांडावा लागतो.

मी लाकडी घेतला आणि माझी चूक तिथेच झाली. दमट ऑगस्टमध्ये सहाही बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, ठरलेला जोर आला की वाजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळले, पात्याच्या टोकाशी लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही पाती एकाच रेषेतून जातात हे पाहिले, बोल्ट फिरू नयेत म्हणून ते तारेने बांधले (वायर लॉकिंग), आणि पहिल्या उड्डाणानंतर बोल्ट पुन्हा तपासले. पंचवीस तासांनंतरची तपासणी मात्र थंडीमुळे ढकलत राहिलो. जानेवारीत तापवलेल्या, कोरड्या हँगरमध्ये पाना लावला, तर बोल्ट जवळजवळ पाव फेरा फिरल्यावर पाना ‘कट्’ वाजला. बैलगाडीच्या चाकाचे लाकूड उन्हाळ्यात आटले की लोखंडी धाव सैल होते, हे लहानपणी गावी पाहिलेले. इथे तर धाव मीच घातली होती. प्रोपेलर उतरवला, तेव्हा फ्लँजला, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरच्या चकतीला, टेकणाऱ्या लाकडावर भाकरी तव्यावर जास्त वेळ राहावी तसा करपट डाग उमटला होता. इंजिनाचा जोर बोल्टांतून नव्हे, तर या दोन पृष्ठभागांच्या घट्ट घर्षणातून लाकडात जातो. पकड सुटली की लाकूड घासून तापते आणि जळते. तो प्रोपेलर मी पुन्हा लावला नाही.

आपल्या वार्ताहरांचा त्या तरुणाशी संपर्क असेलच. कापलेला प्रोपेलर लावून इंजिन जमिनीवरही सुरू करू नये, आणि फिरत्या पात्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये, एवढा निरोप त्याला कृपया आजच कळवावा. त्याऐवजी त्याने लाकडी प्रोपेलर घेतला, तर पावसाळा संपताना बोल्टांवर एकदा पाना फिरवायलाही सांगावे.

आपला,
एक वाचक
डेटन, ओहायो