गावाचा वारसा गावाच्या नोंदीत यावा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना, त्यांतील ११ महाराष्ट्रातले, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. या दोन्ही गोष्टींचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद आहे. हे पत्र मात्र ज्या वारशाचे नाव कोणत्याही यादीत नाही आणि जो दरवर्षी थोडाथोडा नाहीसा होत आहे, त्याच्याविषयी आहे.

वीरगळांचेच पाहा. गावासाठी, पुष्कळदा गावाची गुरे राखताना, लढून मेलेल्या माणसाचे हे कोरीव दगडी स्मारक असते. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, कधी त्याच्या शेजारी गाई. त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर कोरलेले नसते. त्यामुळे तो कोणत्या शिवेवर, कोणत्या देवळापुढे उभा आहे आणि गावातली कोणती भावकी त्याला नारळ फोडते, हीच त्याची ओळख असते. जागा सुटली की ती ओळखही सुटते. असे वीरगळ आज ओढ्याच्या पुलात, पायरीत आणि धुण्याच्या दगडात सापडतात. अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. तोसुद्धा वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता.

हे सारे बेपर्वाईने होते, असे म्हणणे गावकऱ्यांवर अन्याय करणारे ठरेल. सर्वाधिक हानी भक्तीने होते. गाव वर्गणी काढून जीर्णोद्धार करते. जुने दगडी खांब ऑइल पेंटने रंगवले जातात, चुन्याच्या दरजांमध्ये सिमेंट भरले जाते, नवी फरशी बसते आणि अंगणातल्या मूर्ती, सती गेलेल्या स्त्रियांच्या स्मारकशिळा म्हणजे सतीशिळा, आणि दानाचा भंग करणाऱ्याला शाप देणारे, गाढवाचे चित्र कोरलेले दगड म्हणजे गद्धेगळ, मागच्या बाजूला ढिगात जातात. काम सुरू होण्यापूर्वी हे दगड काय आहेत हे समजावून सांगणारे कोणी आलेले नसते. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. परंतु त्याचे संरक्षण अधिसूचित स्मारकांना मिळते आणि शिवेवरची सतीशिळा अधिसूचित होण्याची शक्यता जवळजवळ नाही.

कागदांची गोष्ट याहून नाजूक आहे. कुलकर्णी वतने १९५० च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली, मोडी लिपी शाळेतून गेली, आणि वाड्यांतल्या दप्तरांचा रोजचा उपयोग उरला नाही. तेव्हापासून ते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, माळ्यावर वाळवीची वाट पाहत पडले आहेत. त्यांत महजर, म्हणजे गावसभेने दिलेल्या निवाड्यांचे कागद, असतात, ज्यांवर सहीच्या जागी पाटलाने नांगराची निशाणी केलेली दिसते आणि बलुतेदारांची नावे साक्षीला असतात. गावाने स्वतः केलेल्या न्यायाचा याहून प्रत्यक्ष पुरावा दुसरा कोणता? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून असे कागद गोळा करत आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, म्हणून पुष्कळ वाचले. त्या काळी कागद वाचवायचा तर तो शहरात आणण्यावाचून उपाय नव्हता. आज अस्सल कागद घरातच ठेवून त्याची स्पष्ट प्रतिमा घेता येते. तरीही लोक दप्तर दाखवायला कचरतात, कारण जमिनीचा किंवा वाटणीचा जुना वाद उकरला जाईल अशी त्यांना भीती असते. ही भीती रास्त आहे आणि तिला लेखी हमीनेच उत्तर देता येईल.

तोंडी परंपरेबद्दल एवढेच सांगतो की हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या वेळीच नोंदवल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरोघरचे जाते थांबले. आता तेवढ्या ओव्या आठवणाऱ्या बायका फार थोड्या उरल्या असतील.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की प्रत्येक ग्रामपंचायतीत वारसा नोंदवही ठेवण्याचा शासन निर्णय आपण ग्रामविकास विभागाबरोबर काढावा. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत सांस्कृतिक कार्य हा विषय पंचायतींकडे सोपवण्याजोगा म्हणून आलेलाच आहे. नोंदवहीत वस्तूचे छायाचित्र, मोजमाप, नेमकी जागा आणि तिच्याविषयी गावात सांगितली जाणारी हकिगत असावी. ती हकिगत खरी की दंतकथा, हे अभ्यासक नंतर ठरवतील. १ मे च्या ग्रामसभेत ती वाचून दाखवली जावी, म्हणजे एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीने दुरुस्त होईल. मंदिर, रस्ता किंवा मोरी यांच्या कामाला निधी देण्याआधी या नोंदवहीचा उतारा मागावा. मोडी वाचणारे आपल्याकडे आहेत. त्यांना मानधन देऊन तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी बसवावे आणि लिप्यंतराची एक प्रत गावच्या ग्रंथालयात, एक शाळेत ठेवावी. आजवर अभ्यासक गावात आले, माहिती घेऊन गेले आणि त्यांचे लेखन गावाने क्वचितच पाहिले, याची खंत अनेक गावांत ऐकू येते.

सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यातील एक तालुका घेतला तरी चालेल. मात्र अस्सल कागद मालकाच्या ताब्यातच राहील, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय प्रत कोणालाही दिली जाणार नाही, ही दोन वाक्ये त्या शासन निर्णयात निःसंदिग्ध शब्दांत असावीत.

कळावे,
आपला नम्र,
महाराष्ट्रातील एक नागरिक